माझं रक्त गप्प झालं तेव्हा

“सपाट! मॅडम, सगळं सपाट! मॉलिक्यूल चाललं!” आमचा तरुण सायंटिस्ट तुषार खुर्चीतून अर्धा उठलाच.

साळवी मॅडम आमच्या ग्रुपच्या प्रमुख. त्या स्क्रीनजवळ आल्या, चष्मा डोक्यावर सरकवला आणि एकेक आकडा बघत गेल्या.

“सगळंच सपाट आहे, तुषार. जे ओरडायला हवं होतं तेही गप्प आहे. मग तुझ्या मॉलिक्यूलने गप्प केलं कुणाला?”

तुषार खाली बसला. मी मागच्या ओट्यावर पिपेटची प्लास्टिकची टोकं डब्यात भरत होते. माझे हात थांबले. स्क्रीनवर ज्या प्लेटचे आकडे होते, तिच्यातलं रक्त माझं होतं.

आमची लॅब नाशिकला, सातपूरच्या एमआयडीसीत आहे. औषध कंपन्या नवीन मॉलिक्यूल बनवतात आणि ते चालतं का हे बघायला आमच्याकडे पाठवतात. मी नववीत शाळा सोडलेली बाई. गाव गोंदिया जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला. इथे आले ती हाउसकीपिंगला, फरशी पुसायला. मी बाटल्यांवरची लेबलं पुसताना वाचत बसते हे मॅडमनी पाहिलं आणि एक दिवस मला आत घेतलं. आता मी लॅब असिस्टंट आहे. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तरी मॅडमनी हाक मारली की अजून वाटतं, आज परत खाली पाठवतात की काय.

आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

शरीरात दोन तऱ्हेचं संरक्षण असतं. एक शिकून तयार होतं, लस घेतल्यावर होतं तसं. दुसरं जन्मासोबतच येतं. त्याला इनेट इम्युनिटी म्हणतात. ते कोण आलं, कुठून आलं याची चौकशी करत बसत नाही. काहीतरी बिघडलंय एवढं कळलं की ओरडायला लागतं. त्या ओरड्यामुळेच ताप येतो, सूज येते, ठणका लागतो. तो ओरडा कामाचा असतो. पण काही लोकांच्या शरीरात जंतू नसतानाही तो थांबत नाही. पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजतो तो गाऊट नावाचा आजार, त्यात हेच होतं.

हा ओरडा सुरू करणारी काही प्रोटीनं आहेत. आम्ही बघतो त्याचं नाव एनएलआरपी-थ्री. मॅडमनी मला ते चित्र काढून समजावलं होतं, पण मला कळलं ते खुर्च्यांवरून, आणि मॅडमनाही मी ते तसंच सांगितलं. माझे बाबा मंडप डेकोरेशनवाल्याकडे होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत लग्नात खुर्च्या मांडायला जायची. लोखंडी, घडीच्या खुर्च्या. तर समजा, पेशीला पहिला इशारा मिळाला की ट्रकमधून खुर्च्या उतरतात. दुसरा इशारा मिळाला की त्या उघडतात आणि गोल मांडल्या जातात. गोल पूर्ण झाला की सभा सुरू. सभा सुरू झाली की पेशीतून ओरडा बाहेर पडतो. त्या ओरड्याला आयएल-वन-बीटा म्हणतात. आम्ही तोच मोजतो.

आणि मॉलिक्यूल म्हणजे खुर्चीच्या बिजागरीत अडकवलेली काडी. खुर्ची आहे, पण उघडत नाही. मग गोल नाही, सभा नाही, ओरडा नाही. काडी बारीक लागते, कारण तिला पोटातून रक्तात आणि रक्तातून पेशीत शिरायचं असतं. म्हणून स्मॉल मॉलिक्यूल. आणि ती नेमक्या याच खुर्चीत बसली पाहिजे. मंडपातल्या सगळ्याच खुर्च्या अडकल्या, तर खरंच जंतू आल्यावर शरीराने काय करायचं?

हे तपासायला ताजं रक्त लागतं, ठणठणीत माणसाचं. नर्स येऊन थोडंसं काढून घेतात. स्टाफवर सक्ती नाही, मॅडम दरवेळी तीन-तीनदा सांगतात. मी मात्र आपणहून देते. त्या खोलीत माझं शिक्षण सगळ्यांत कमी, पण रक्त सगळ्यांसारखंच. उलट जरा जास्तच चांगलं. इशारा दिला की जोरात ओरडतं. तुषार म्हणायचा, “छायाजी स्वतः तोंड उघडत नाहीत, रक्त मात्र भलतंच तोंडाळ आहे.” आमच्या गोंदियाकडे दर वाक्याला ‘जी’ लावतात. त्याची मस्करी म्हणून तो मला छायाजी म्हणतो.

तर प्लेटवर छोटे-छोटे खड्डे असतात, त्यांना वेल म्हणतात. काही वेलमध्ये नुसतं रक्त, ते गप्पच असायला हवं. काहींमध्ये रक्त आणि दोन्ही इशारे, ते ओरडायलाच हवं. त्याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. उरलेल्यांत रक्त, इशारे आणि मॉलिक्यूल. ओरडणारे वेल ओरडले तरच गप्प वेलला अर्थ. त्या दिवशी माझ्या रक्तातलं कुणीच ओरडलं नाही.

“छाया, ताप आला होता? सर्दी?”

“नाही जी.”

“काही औषध घेतलंस?”

“नाही जी.”

रक्त देण्याआधीही हेच विचारतात. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं.

“पहिला इशाराच मेला असेल,” तुषार म्हणाला. पहिला इशारा म्हणजे मेलेल्या जंतूंच्या कवचाचा अंश, बाटलीत येतो. त्याने त्याच बाटलीतून, त्याच प्रकारच्या प्लेटवर, स्वतःचं रक्त लावलं. दुसऱ्या दिवशी रीडिंग आलं. त्याचं रक्त व्यवस्थित ओरडलं. म्हणजे बाटली बरोबर, प्लेट बरोबर.

राहिले मी.

“छायाजी, रक्तपण लाजलं का हो?” तो म्हणाला. वाईट मनाने नाही. पण मला हसू आलं नाही. मला काहीतरी मोठं झालंय, एवढंच डोक्यात फिरत होतं. ज्या रक्ताला ओरडता येत नाही ते अंगात घेऊन माणूस किती दिवस चालतो? आणि हे रक्त चालत नाही म्हटल्यावर मी तरी इथे कशाला?

संध्याकाळी आईचा फोन आला.

“काहून वं, आवाज असा काहून येते?”

“बरी आहो आई. बसमध्ये आहो, आवाज आहे इथं.”

बस केव्हाच गेली होती. मी स्टॉपवर एकटी उभी होते. गाव इतकं लांब, की तिथल्या माणसाला काळजी देऊन काही उपयोग नसतो. निघायचं म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पोचणार.

या शहरात मला दोनच दारं उघडी आहेत. एक लॅबचं. दुसरं मखमलाबादला कमलमावशींचं. त्यांच्या फुलांच्या शेताला लागून घर आहे, मागच्या बाजूची खोली भाड्यानं माझी. मुलगा-सून नाशिक रोडला फ्लॅटमध्ये. मावशी एकट्या शेवंती आणि झेंडू करतात, सकाळी क्रेट भरून फूलबाजाराच्या टेम्पोत चढवतात. संध्याकाळी मी आले की मागचं दार वाजतं. वाटीत भाजी असते. “लय झाली होती, खाऊन घे,” म्हणतात. एकट्या बाईची भाजी रोज लय कशी होते, हे मी कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी भाजीसोबत कोमट दूध होतं. दिवसभर फरशीवर उभं राहून माझी टाच दुखायची. सकाळी पाय टेकवत नसे. मावशींनी मला लंगडताना पाहिलं आणि तेव्हापासून आठवडाभर रोज दुधातून एक पुडी देत होत्या. कुठल्याशा आठवडे बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून त्या ती आणत. त्यांच्या गुडघ्यांना तिचाच आधार. खोलीत ठेव म्हणून त्यांनी मलाही चार पुड्या दिल्या होत्या.

“झाडपाल्याची हाय, लय गुणाची. खा गुमान.”

मी खाल्ली. त्यांच्या हातावर निळसर डाग असतात, कुठे जरा लागलं की उमटतात. चेहरा गोल, गरगरीत. त्या म्हणायच्या, “बसून बसून अंग सुटलंय.” दिवसभर वाकून फुलं तोडणारी बाई बसते कधी, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मॅडम जिन्यात भेटल्या. मी दोन-दोन पायऱ्या चढत होते.

“अगं, टाच बरी झाली वाटतं?”

“हो जी. दोन दिवसांत. मावशींच्या पुडीनं.”

मॅडमनी कप कठड्यावर ठेवला. “कसली पुडी?”

मी सांगितलं.

“छाया, मी तुला विचारलं होतं औषध घेतलंस का. तू नाही म्हणालीस.”

“औषध नाही घेतलं जी. पुडी घेतली.”

मागून येणारा तुषार फस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. “भूक वाढली? झोप कमी झाली?” दोन्ही झालं होतं. मला वाटलं होतं, मावशींच्या भाजीची चव आणि माझ्या मनाची काळजी.

“उद्या एक पुडी घेऊन ये. आणि तू घेऊ नकोस.”

आमच्या बाजूच्या विभागात एक मशीन आहे. कुठल्याही मिश्रणात काय-काय आहे ते वेगळं करून सांगतं. पुडी तिथे गेली. दुपारी मॅडमनी मला केबिनमध्ये बसवलं. दार लावून घेतलं.

“डेक्सामेथासोन,” त्या म्हणाल्या. “स्टेरॉईड. झाडपाल्यात कुणीतरी मिसळलंय. स्टेरॉईड वाईट नसतं, डॉक्टर मोजून देतात तेव्हा जीव वाचवतं. पण ते एका खुर्चीत काडी घालत नाही, कळलं?”

“ट्रकच येऊ देत नाही जी.”

त्या पहिल्यांदा हसल्या. “अगदी बरोबर. खुर्च्या उतरल्याच नाहीत, म्हणून तुझं रक्त गप्प. तुला काही झालेलं नाही. तुझी आठवड्याचीच होती. आपल्या कंपनीच्या डॉक्टरांना मात्र दाखव.”

मला रडू आलं. मी आजारी नव्हते. कुणी मला खाली पाठवत नव्हतं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, “मावशी किती वर्षं घेतायत?”

“मी आले त्याच्याही आधीपासून. रोज.”

मॅडमचा चेहरा बदलला. “मग नीट ऐक. त्यांनी ते एकदम बंद करायचं नाही. माणसाचं शरीर स्वतःचं थोडं स्टेरॉईड बनवत असतं. बाहेरून रोज मिळत राहिलं की ते बनवायचं सोडून देतं. एकदम तोडलं तर बीपी पडतं, माणूस जाऊ शकतो. डॉक्टर हळूहळू कमी करतात. त्यांना उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे ने.”

बसमध्ये मी ते वाक्य मनात घोळवत होते. एकदम बंद नाही, हळूहळू. पण त्याआधीचं वाक्य कसं बोलायचं, ते सुचत नव्हतं. या शहरात ज्या एका बाईनं मला आपणहून काही दिलं होतं, तिला सांगायचं होतं की तू दिलेलं खराब निघालं.

मावशी ओट्यावर शेवंती निवडत होत्या. मी शेजारी बसले, चार फुलं निवडली आणि सांगून टाकलं.

त्यांचे हात थांबले. “म्हंजे म्या तुला इख घातलं?”

“तसं नाही मावशी. तुम्हाला काय माहीत त्यात काय आहे? त्या माणसानं फसवलं.”

“इतकी वर्सं खाते मी. मला नाय कुणी फसवलं. आन् तू आज मशिनीत घालून आलीस व्हय माझी पुडी?”

“मावशी, ऐका ना, तुमच्या जिवाला—”

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. आत गेल्या, पुड्यांचा डबा घेऊन आल्या आणि फुलांना पाणी जातं त्या पाटात सगळा उपडा केला. पुड्या भिजून सुटल्या आणि मातकट पूड पाण्यावरून तरंगत गेली.

“झालं समाधान? आता नाय खाणार.”

“अहो मावशी, एकदम बंद करायचं नाही! तेच तर सांगते आहे!”

“आधी म्हणती खाऊ नको, आता म्हणती बंद करू नको. जा, तुझ्या मशिनीला एकदाचं ठरवाया सांग.”

दार लागलं. त्या संध्याकाळी भाजी आली नाही.

माझ्याकडे तीन पुड्या उरल्या होत्या. मी त्या हातात घेऊन मॅडमना फोन केला, यातलीच एक मावशींना देऊ का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “आपण डोस द्यायचा नाही. त्यात किती आहे हे दर पुडीला वेगळं असेल. डॉक्टरांकडेच न्यायचं. उलटी, चक्कर, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. मावशींचं दार वाजवलं. “जा गं कामाला,” आतून आवाज आला. मी मुलाचा नंबर मागितला. “त्याला कशाला तरास?” मी दिवसभर माझ्या खोलीच्या दारात बसून राहिले. त्या शेतात गेल्या की मी बांधावर, त्या घरात गेल्या की मी ओट्यावर. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी त्यांच्याकडेच बघत होते. इतका वेळ मी आयुष्यात कुणाशी न बोलता कुणाबरोबर घालवला नव्हता.

त्याच्या पुढच्या सकाळी टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला आणि क्रेट काही आले नाहीत. मी धावले. मावशी झेंडूच्या सरीत बसल्या होत्या. क्रेट आडवा, फुलं मातीत. ओठ पांढरे. “उलटी झाली गं,” म्हणाल्या, “डोळ्यापुढं अंधारी येती.”

टेम्पोवाल्यानं क्रेट खाली उतरवले आणि आम्हा दोघींना वर घेतलं. हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं. “काय खाल्लं होतं यांनी?”

निघताना सोबत घेतलेल्या पुड्या मी टेबलावर ठेवल्या. “यात स्टेरॉईड आहे, डेक्सामेथासोन. बरीच वर्षं रोज. परवापासून एकदम बंद.” मी फोन पुढे केला. “आमच्या मॅडम फोनवर आहेत जी, त्या नीट सांगतील.”

डॉक्टरांनी फोन घेतला. मिनिटभर ऐकलं. मग नर्सना इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि पडदा ओढला. मी पडद्याबाहेर उभी राहिले. नर्सनी विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

काय सांगणार? “भाडेकरू,” म्हटलं.

दुपारपर्यंत मावशींच्या ओठांना रंग आला. त्यांच्या कमरेच्या पिशवीतल्या फोनवरून मी मुलाला कळवलं होतं, तो धापा टाकत आला. मला वाटलं, रागावेल. तो हात जोडून म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, काय खाल्लं हे कळलं नसतं तर शोधत बसलो असतो. तुमचे उपकार आहेत, ताई.” उपकार तर माझ्यावर होते, वाटीवाटीने.

मी आत डोकावले. मावशींनी डोळे उघडले.

“तुझ्या मशिनीला सांग,” त्या हळूच म्हणाल्या, “ठरलं म्हणावं.”

त्यानंतर मुलगा त्यांना नाशिक रोडला घेऊन गेला. डॉक्टर गोळी हळूहळू कमी करतायत. खूप महिन्यांचं काम आहे. शेत शेजाऱ्यांनी वाट्याने केलंय. मला मुलगा म्हणाला, “तुम्ही राहा ताई, घराला जाग राहील.” म्हणून मी आहे. संध्याकाळी आले की पुढच्या खोलीतला दिवा लावते. मागचं दार वाजत नाही. मावशींचा अधूनमधून फोन येतो. पुडीनं आलेली चेहऱ्याची सूज उतरली, सून म्हणते ओळखू येत नाही. गुडघे दुखतात, त्याबद्दल मला दोन शब्द ऐकवतात. मग विचारतात, “जेवली का?” मी हो म्हणते.

मॉलिक्यूलचं म्हणाल, तर ते दुसऱ्या डोनरच्या रक्तावर पुन्हा तपासलं. चालतं. तुषारला वाटलं होतं तितकं जोरदार नाही, पण बऱ्यापैकी. काडी बिजागरीत बसते. कंपनी पुढचं काम करते आहे.

आमच्याकडे एक गोष्ट बदलली. आता डोनरला नुसतं ‘औषध घेता का’ असं आम्ही विचारत नाही. लोक नाही म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. औषध म्हणजे डॉक्टरनं दिलेलं, बाकी सगळं घरचं. मॅडमनी मला विचारलं, “मग कसं विचारू या?” मी जे सुचवलं तेच आम्ही आता विचारतो: “पंधरा दिवसांत कुणी प्रेमानं काही खायला-प्यायला दिलं का? काढा, चूर्ण, पुडी?” डोनर आधी हसतात. मग सांगायला लागतात. कुणाची आजी काढा देते, कुणाची बायको रोज कसलीशी पूड दह्यातून, कुणाची आई डब्यात काय-काय. बहुतेकांचं काही ना काही निघतंच. मी ऐकत बसते.

माझं रक्त बऱ्याच आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं ठरलं. नियम म्हणजे नियम, म्हणून तुषारनं मलाही विचारलं.

“छायाजी, पंधरा दिवसांत कुणी प्रेमानं काही दिलं?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

नर्सनी पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी प्लेट मशीनमध्ये गेली. ओरडणारे वेल पूर्वीसारखे जोरात ओरडले. तुषारनं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, “एकदम क्लीन डोनर.”